फक्कीत आखलेली बोट

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. लेकीचा फोन आला तेव्हा मी एका बंगल्याचा जिना सातव्यांदा सरकवत होतो. बारामतीत एका इंजिनिअरच्या ऑफिसात मी घरांचे नकाशे काढतो, त्याला तीस वर्षं होऊन गेली. आधी ट्रेसिंग पेपरवर पेनानं काढायचो, मग कॉम्प्युटर आला. गिऱ्हाईक मात्र तेच राहिलं. हॉल मोठा पाहिजे, देवघर ईशान्येला पाहिजे, आणि नकाशा मंजुरीला निघाला की मालकाच्या मेहुण्याला वास्तुशास्त्र आठवतं. त्या दिवशीही तेच झालं होतं. मान आखडली होती, डोळ्यांत कचकच होत होती, आणि फोन वाजला.

"अण्णा, कॅप्टनला शनिवारपत्तोर सांगायचंय," लेक म्हणाली. "अजून दोन वर्साची सही करती का घरी येती, ते. तुमी काय म्हणताय?"

"आईला इचारतो," मी म्हणालो. दमलेल्या माणसाला ज्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसतं, तो प्रश्न तो बायकोकडं पाठवतो.

लेक बोटीवर काम करते. आमच्या भागात बोट म्हटलं की माणसाला उजनीचं धरण आठवतं. आमच्या कन्हेरी गावात कुणी विचारलं आणि मी सांगितलं की हमखास पुढचा प्रश्न येतो, "म्हंजी भिगवणला पक्षी दावायला नेत्यात तसली?" सुरुवातीला मी समजावून सांगायचो. आता "व्हय, तसलीच" म्हणून मोकळा होतो. खरं म्हणजे तिनं पुण्यात हॉटेल मॅनेजमेंट केलं, तिथल्याच एका हॉटेलात काही दिवस काढले आणि मग एका एजन्सीमार्फत युरोपात गेली. तिकडं एका बड्या कुटुंबाची स्वतःची बोट आहे. पन्नास मीटर लांब, चार मजली, इंजिनावर चालणारी. घरची माणसं वर्षातून सातआठ आठवडे येणार आणि बोट झकपक ठेवायला बारा जणांचा स्टाफ बारा महिने राबणार. त्या बारांत आमची एक. पुसणं, धुणं, इस्त्री, अंथरुणं, टेबल लावणं, हे तिचं काम.

आमच्याकडं मुलगी द्यायची तर घर बघून देतात. चारसहा जण जातात, चहापोहे होतात, पण कुणाचं लक्ष पोह्यांत नसतं. बापेमाणसं विहिरीला पाणी किती, बांधाला बांध कुणाचा, ते बघतात. बायका सरळ आत शिरतात. मोरीचं पाणी कुठं जातं, सासू कुठं बसते, थोरली सून बोलताना कुणाकडं बघून बोलते, सगळं टिपून येतात आणि परतीच्या गाडीत निकाल लागतो. या कामात आमच्या हिची नजर नात्यागोत्यात नावाजलेली. लोक तिला मुद्दाम घर बघायला नेतात. अशा बाईची लेक दोन वर्षं परक्यांच्या बोटीवर राहत होती आणि ते घर हिनं बघितलेलं नव्हतं. फोनवर विचारलं की लेक म्हणायची, "मस्त हाय." यापलीकडं काही नाही.

मी घरी जाऊन सांगितलं तेव्हा ही पायरीवर बसून मेथी निवडत होती.

"बगितल्याबिगर मी काय सांगायची न्हाय," ती म्हणाली. "येकदा न बगता धाडली, थितंच चुकलं. आता आधी घर बगायचं, मग बोलायचं."

"अगं, समुद्रात हाय ते घर."

"मग? फोन हाय की."

यात अजून एक गाठ होती. तात्यांनी लेकीसाठी एक स्थळ आणलं होतं. तात्या म्हणजे माझे चुलतभाऊ, वयानं दहा वर्षांनी थोरले; आमच्या घरामागचं रान त्यांचं. स्थळ इंदापूरकडचं. द्राक्षबाग, डाळिंब, दारात दोन गाड्या, आणि बंगला मीच काढलेला. मुलगा चांगला होता, पण दोन वर्षं थांबायला तयार नव्हता, आणि ते त्याचं खोटं नव्हतं. लेक आली तर बोलणी, नाही आली तर ते दुसरीकडं बघणार. शनिवारी कॅप्टनला कळवायचं ते उत्तर म्हणजे लेकीचं पुढचं आयुष्य होतं, आणि ते तिनं आमच्यावर सोपवलं होतं. मला त्या ओझ्याचाच शीण आला होता.

लेकीनं नकाशाचा फोटो पाठवला. त्यांच्या जेवणाच्या खोलीत भिंतीवर फ्रेम करून लावलेला असतो म्हणे, आग लागली तर कुणी कुठून पळायचं ते दाखवायला. चारही मजले शेजारी शेजारी काढलेले. मी तो कॉम्प्युटरवर ताणून मोजमापं लावली. एवढ्या वर्षांत असा नकाशा हाताखालून गेला नव्हता. एकही भिंत सरळ नाही. कोपरा म्हणून सापडत नाही. आणि इंचभर जागा वाया घालवलेली नाही, पायरीखालीसुद्धा कप्पा. ज्यानं काढला त्याला मनातल्या मनात हात जोडले.

हिला नकाशा कधीच कळला नाही. तिला एकटीलाच कळत नाही असं नाही. पायाखाली रेघ आल्याशिवाय कुणालाच घर कळत नाही. बंगल्याचे मालक कागदावर मान डोलावतात आणि जागेवर आखणी झाली की ओरडतात, "एवढी बारकी बेडरूम?" म्हणून आम्ही पाया खणायच्या आधी खुंट्या ठोकून, दोरी ताणून चुन्याची फक्की मारतो. त्या पांढऱ्या रेघांतून मालकीण एकदा फिरून आली की मग कुदळ पडते. मी ठरवलं, बोटही तशीच दाखवायची. तात्यांच्या रानातला ऊस गेला होता, खोडवा मोडून फळी मारून रान गव्हासाठी तयार होतं. एकशे पासष्ट फूट लांब आणि तीस फूट रुंद, सहज बसत होतं.

"पेरायच्या आधी फक्की मारतो तुमच्या रानात," मी तात्यांना म्हणालो.

"कशाची?"

"बोटीची."

"मार," तात्या म्हणाले. "पर तोंड पूर्वेला घे."

आणि मी घेतलं. हसू नका. तीस वर्षांची सवय आहे. बोटीचं नाक पूर्वेला, शेपूट पश्चिमेला, अशी मी दोन दिवस सकाळी ऑफिसच्या आधी गुडघे चोळत चोळत आखणी केली. एकाच रानात चार मजले कसे मांडायचे हा प्रश्न होता. पाण्यालगतचा मुख्य मजला पांढऱ्या फक्कीनं काढला आणि त्याच्या पोटातला खालचा मजला विटांच्या भुकटीनं. वरचे दोन मजले हवेत आहेत असं समजायचं. शुक्रवारी दुपारी काम संपलं तेव्हा माझी कंबर धरली होती, आणि काळ्या रानात एक भलामोठा पांढरा मासा पडलेला दिसत होता.

चार वाजता लेकीनं व्हिडिओ कॉल लावला. तिकडं सकाळचे साडेअकरा. बोट थंडीसाठी बंदरात बांधून ठेवलेली, मालक आपल्या देशात, आणि लेकीनं तिच्या वरच्या बाईकडून तासाभराची परवानगी काढलेली. ठरलं होतं ते असं, की ती तिकडं बोटीत चालणार आणि ही इकडं त्याच खोलीतून रानात चालणार. मी फोन धरून हिच्या बाजूनं. तात्या बांधावर खुर्ची टाकून बसले होते.

"आई, आधी चपला काढ," लेक म्हणाली. "हितं समदी अनवाणी असत्यात. मालकसुदिक."

ही खूश झाली. "रीतीची मानसं दिसत्यात," ती मला म्हणाली आणि चपला रेघेबाहेर काढून ठेवल्या.

"रीत न्हाय गं. लाकूड खराब हुतं."

मागच्या उघड्या ओसरीपासून सुरुवात झाली. पांढरे गुबगुबीत सोफे, मध्ये टेबल. मग काचेचं दार आपोआप सरकलं आणि दिवाणखाना आला. चाळीस फूट लांब. दोन्ही बाजूंना जमिनीपासून काचा, काचेबाहेर नुसतं पाणी. साखरेच्या पाकासारखा रंग असलेलं लाकूड, त्यात तोंड दिसावं अशी चकाकी. खाली दुधाळ गालिचा. ही फक्कीतल्या दिवाणखान्याच्या मधोमध निघाली, आणि लेक मात्र भिंतीच्या कडेकडेनं सरकत होती.

"मदनं का न्हाय चालत?"

"वळ उठत्यात पायाचं. मग मशीन फिरवून समद्या रेघा येका दिशेला कराव्या लागत्यात."

त्यानंतर हीही रानात कडेकडेनं चालू लागली. मातीवर तिच्या पावलांचे ठसे पाठीमागं उमटत होते.

मग बारा माणसांचं जेवणाचं टेबल. ताटं कपाटात मखमलीच्या खाचांत उभी केलेली, बोट हलली तर फुटू नयेत म्हणून. मग स्वयंपाकघर. इथं हिनं फोन माझ्या हातातून ओढूनच घेतला. सगळं स्टीलचं, शेगडीवर भांडी घसरू नयेत म्हणून आडवे गज. ओटा किती उंच, खरकटं कुठं टाकता, भांड्याचं पाणी कुठं जातं. पाणी टाकीत साठतं आणि बंदरात आल्यावर उपसून नेतात हे ऐकल्यावर हिनं नाक मुरडलं. "म्हंजी घान संगंच घिऊन फिरायची." पण स्वयंपाकी पुरुष आहे आणि नोकरांचं जेवण आधी वाढतात, यावर फोन मला परत देत तिनं मान हलवली. ही तिची पसंतीची खूण मला ओळखू येते.

पुढं बोटीच्या पूर्ण रुंदीत मालकाची झोपायची खोली. तीस फूट रुंद, पंचवीस फूट लांब. मधोमध पलंग, एका अंगाला त्याचं लिहायचं टेबल, दुसऱ्या अंगाला तिचा आरसा, आणि न्हाणीघरं दोन. एक त्याचं, एक तिचं.

"पटत न्हाय व्हय दोघांचं?" हिनं विचारलं.

लेक पहिल्यांदा हसली. "तसं नसतं आई, मोटेपना असतो त्यो."

टब एका अखंड दगडातून कोरलेला होता. नळावर पाण्याचा एक थेंब सुकलेला दिसला तर बोलणी बसतात, म्हणून लेक रोज सगळं पुसते, मालक असो नसो. नक्षीच्या फटी कान साफ करायच्या काडीनं. मी खोलीचं क्षेत्रफळ काढलं. आमचं अख्खं घर त्यात बसलं असतं आणि वर अंगण उरलं असतं. अशा खोल्या मी लोकांसाठी कल्पनेतही काढल्या नाहीत. राग आला नाही, नुसताच थकवा आला. एवढी जागा, आणि वर्षातले दहा महिने तिथं कुणी झोपत नाही.

वरचे दोन मजले लेकीनं धावत दाखवले. दुसरा दिवाणखाना, दारूच्या बाटल्यांची भिंत, कॅप्टनची काचेची खोली, आणि सगळ्यात वर उन्हात लोळायच्या गाद्या. त्यांच्या मधोमध गरम पाण्याचा गोल हौद.

"पान्यात बोट, आन बोटीत पुना पानी?" तात्या बांधावरून ओरडले. त्यांच्यानं आता राहवेना. ते रेघा तुडवत आले आणि फोनमध्ये तोंड घालून म्हणाले, "पोरी, दाराचं तोंड कुनीकडं? अन् देवघर?"

"देवघर न्हाय तात्या. तोंड आज उत्तरेला हाय. समुद्रात नांगर टाकला की वारं फिरंल तसं फिरतंय. सकाळी पूर्व, दुपारी दक्षिन."

तात्या सरळ उभे राहिले. ज्या घराला दिशाच नाही त्याला चांगलं म्हणावं की वाईट, हे त्यांना ठरवता येईना. मला मात्र त्या क्षणी माझीच कीव आली. दोन दिवस कंबर मोडून मी जे नाक पूर्वेला धरलं होतं, त्याला काही अर्थ नव्हता.

"आता आमच्यातलं दावती," लेक म्हणाली.

तिनं त्या चकाकत्या भिंतीवर एका ठिकाणी तळहात दाबला आणि भिंतीतून दार उघडलं. मला नकाशात ते दिसलं होतं, पण प्रत्यक्षात फट कुठं आहे ते शेवटपर्यंत कळलं नाही. आत पांढऱ्या पत्र्याचा अरुंद उभा जिना. मालकाचा जिना वेगळा, कामवाल्यांचा वेगळा. चहा आला, अंथरूण बदललं, फुलं बदलली, हे सगळं आपोआप झाल्यासारखं वाटलं पाहिजे. करणारी माणसं दिसता कामा नयेत. कारागीर म्हणून मी मनात दाद दिली, आणि पाठोपाठ मला लाज वाटली. मागचा जिना मीही काढलेला आहे. एमआयडीसीत बरकत आलेल्या माणसांचे बंगले काढताना, जिन्याखाली जिथं धडधाकट माणूस ताठ उभा राहत नाही त्या तिरक्या जागेत 'सर्व्हंट' असं लिहून मी पुढच्या खोलीकडं गेलेलो आहे. एकदा नव्हे, पुष्कळदा.

ही आता विटकरी रेघांत चालत होती. पाहुण्यांच्या चार खोल्या मागं टाकून नाकाकडं. धुण्याची खोली आली. तिथं लेकीचा बहुतेक दिवस जातो, चादरी पलंगावर अंथरून झाल्यावरही वरून इस्त्री फिरवायची. मग जेवायची खोली, बाकडं आणि टीव्ही. मग एक बोळ, दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं पाठ भिंतीला लावायची, एवढा.

"ही माजी खोली," लेक म्हणाली.

ही त्या चौकोनात जाऊन उभी राहिली. सात फूट बाय साडेसहा. कागदावर मी तो आकडा वाचला होता. पण कागदावर मलाही कळलं नव्हतं. हिनं दोन्ही हात पसरले आणि बोटं दोन्हीकडं रेघांना टेकली.

"दोगी असतो," लेक म्हणाली. "ती वर निजती, मी खाली. खिडकी गोल हाय, ताटलीयेवढी."

"आन काम किती?"

"मालक आलं की सोळा तास. पाय सुजत्यात, आई. दमती मी. खोटं कशाला बोलू."

माझं डोकं फिरलं. दोन दिवसांची कंबर, दोन वर्षांचं "मस्त हाय", सगळं एकदम वर आलं. "ह्याला खोली म्हंत्यात?" मी फोनवर ओरडलो. "कोंबड्याचं खुराडं याच्यापरीस मोठं असतं. काय सही करायची गरज न्हाय. ये घरी."

"मी तेच म्हनतोय," तात्या म्हणाले.

माझ्या डोक्यात हिशेब झालेला होता. इंदापूरच्या त्या बंगल्यात धाकट्या मुलाची, म्हणजे स्थळ आलेल्या मुलाचीच, खोली पोर्चवर आहे, बारा बाय चौदा, दोन खिडक्या, स्वतंत्र बाथरूम. ती मोजमापं मीच टाकलेली. बारा बाय चौदासमोर सात बाय साडेसहा. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

फोन हातात घेऊनच लेक खालच्या पलंगावर आडवी झाली. सर्रकन आवाज आला आणि फोनवर अंधार झाला. मग टक् असं वाजलं, आणि पिवळ्या उजेडात तिचा चेहरा दिसला. डोक्याशी भिंतीतच बसवलेला छोटा दिवा. बाजूला टीचभर फळी, वस्तू पडू नयेत म्हणून तिला कड. फळीवर कंगवा, पायाला लावायचं मलम, एक वही.

"पडदा वढलाय म्या," ती हळू आवाजात म्हणाली. "ह्यो वढला की मला कुनी हाक मारत न्हाय. कॅप्टनबी न्हाय. तसा नियमच हाय. आग लागली तरच."

तिचा आवाज ऐकायला तात्या फोनवर वाकले.

"अण्णा, घरी मी कुठं झोपायची?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. आमच्या घराचा नकाशा मीच काढलेला आहे. पुढं हॉल, मागं स्वयंपाकघर, एक खोली आम्हा दोघांची आणि एक मुलाची. मुलगा पुण्याला राहतो. त्याच्या खोलीत आता गव्हाची पोती आहेत, पलंगही तसाच आहे. लेकीची वळकटी हॉलमध्ये दिवाणामागं असायची. पाहुणे उठून गेले की ती अंथरायची आणि सकाळी पहिला माणूस दारात यायच्या आत गुंडाळायची. बारावीचा अभ्यास तिनं स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून केला, कारण हॉलमध्ये टीव्ही चालू असायचा आणि तो मीच बघायचो. घर काढताना फ्रिजसाठी मी अडीच फुटांचा कोनाडा मुद्दाम सोडला होता. फ्रिज तेव्हा घेतलेलाही नव्हता. लेक पाच वर्षांची होती, घरभर नाचत होती, आणि तिच्यासाठी मी काही सोडलं नव्हतं. गेल्या वीस-बावीस वर्षांत हे एकदाही माझ्या ध्यानात आलं नाही.

"हॉलमदी," मी म्हणालो.

"मी काय नावं ठेवत न्हाय," ती म्हणाली. "पर तुमी खुराडं म्हनला म्हनून सांगितलं. आता येक इचारती, खरं सांगा. ते इंदापूरचं घर तुमीच काढलंय न्हवं? तितं मला पडदा वढता यील?"

तात्या माझ्याकडं बघू लागले. ते घर आतून-बाहेरून ठाऊक असलेला त्या रानात मी एकटाच होतो. बंगल्याच्या मालकानं माझ्याकडून काय काय करून घेतलं ते मला आठवत होतं. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्या भिंतीत त्यानं मला खिडकी पाडायला लावली होती. सोफ्यावर बसून हाक मारली की सुनेला आत ऐकू गेलं पाहिजे आणि चहा तिथूनच पुढं आला पाहिजे. पोर्चवरच्या खोलीचं दार खाली हॉलमधल्या त्याच्या खुर्चीवरून दिसेल असं बसवून घेतलं होतं. सून किती वाजता उठते ते दिसावं, असं तो हसत म्हणाला होता आणि मीही हसलो होतो. दार हवं तसं बसलं म्हणून त्यानं मला पेढे दिले होते.

खोटं बोलता आलं असतं. बारा बाय चौदा म्हणून वेळ मारून नेता आली असती. शनिवार उद्यावर होता, लेक माझ्या शब्दावर घरी आली असती, आणि मला ती घरी हवी होती. रोज संध्याकाळी ऑफिसातून येताना ती घरात असावी असं मला वाटतं, आजही वाटतं.

"न्हाय," मी म्हणालो. "तितं न्हाय वढता यायचा."

"आरं, काय बोलतोस तू!" तात्या म्हणाले.

ही अजून त्या विटकरी चौकोनातच उभी होती, अनवाणी. मी एवढं बोलल्यावर तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. मग माझ्या हातातून फोन घेतला आणि तोंडाजवळ धरला.

"बगितलं म्या घर," ती लेकीला म्हणाली. "कर सही. आन मागून घेतलेला तास सरायचा असंल अजून, तर नीज घटकाभर. न्हाय मारत आमी हाक."